फुलांच्या घाटीत आईसोबत (व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, उत्तराखंड)

रानजाई | १८ ऑगस्ट २०२४, रात्री १०:४२

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आईला घेऊन व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाऊन आले. तयारी सगळी इथल्याच जुन्या धाग्यांवर वाचून केली होती, त्यामुळे लिहिणं हे माझं देणंच लागतं. लांबेल, आधीच सांगते.

आई साताऱ्याला एका शाळेत जीवशास्त्र शिकवायची. आता ६६ वर्षांची आहे, डावा गुडघा कुरकुरतो. कासचं पठार आम्ही कुंपण पडायच्या आधीपासून पाहत आलोय, सप्टेंबर आला की तिचे पाय तिकडे वळतातच. पण तिच्या मनात कित्येक वर्षं एक निळं फूल होतं, हिमालयातली निळी पॉपी. बाबा गेल्यावर तिने एकदाच म्हटलं, "आता गुडघा आहे तोवर नेतेस का?" एवढंच. मी त्याच आठवड्यात रजेचा अर्ज टाकला.

मार्ग असा: हरिद्वारपर्यंत रेल्वे, तिथून गाडीने देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग करत पिपळकोटी. पुढे जोशीमठ, आणि तिथून साधारण २० किलोमीटरवर गोविंदघाट. तिथे बद्रीनाथचा रस्ता सोडायचा, अलकनंदा ओलांडायची, स्थानिक जीपने ४ किलोमीटर वर पुलना गावात जायचं. रस्ता तिथे संपतो. पुढे घांघरियापर्यंत साधारण १० किलोमीटर चाल, सगळी चढाची.

पहिला मुक्काम पिपळकोटीला केला. हरिद्वारहून एका दमात जोशीमठ गाठायचा अट्टहास करू नका, विशेषतः वयस्क माणूस सोबत असेल तर. दुसऱ्या दिवशी पागलनाल्यापाशी चार तास अडकलो. वरून चिखल आणि दगड येतच होते, जेसीबी साफ करतोय तोवर पुन्हा येत होते. आई गाडीतून उतरली आणि रस्त्याच्या कडेला काय उगवलंय ते बघत बसली. गोविंदघाटला पोचेपर्यंत अंधार पडला, त्यामुळे त्या दिवशी वर निघायचा प्रश्नच नव्हता. राहिलो.

पुलना ते घांघरिया आईने सात तासांत केलं. वाट फरसबंद आहे, चुकायचं भय नाही, जागोजागी चहाची टपरी. खच्चरांची ये-जा मात्र सारखी, आणि पावसात त्या फरश्या निसरड्या होतात. खच्चर आलं की नेहमी डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला नाही. हे एका टपरीवाल्या आजींनी आईला हात धरून दाखवलं.

घांघरिया साधारण ३०५० मीटरवर आहे. हेमकुंड साहिब या शिखांच्या तीर्थस्थानाला जाणाऱ्या यात्रेकरूंमुळे गजबजलेलं, दमट, देवदारांच्या सावलीतलं एका गल्लीचं गाव. गुरुद्वारात राहायची-जेवायची सोय होते, बाकी साधी हॉटेलं आहेत. रोख पैसे जोशीमठलाच काढून ठेवा आणि नेटवर्कचा भरवसा धरू नका.

आता घाटी.

फाटक सकाळी ७ ला उघडतं आणि संध्याकाळी ५ पर्यंत बाहेर यावं लागतं, आत मुक्कामाला परवानगी नाही. सुरुवातीला जंगल, मग पुष्पावती नदीवरचा पूल, आणि पुलानंतर दम काढणारा खडा चढ. भोजपत्राची झाडं लागतात, सालीचे पापुद्रे सुटलेली. मग एका वळणावर झाडं संपतात आणि समोर सगळं उघडं होतं. दोन्ही बाजूंना कडे, त्यांवरून सुटलेले धबधबे, वर ढगात गेलेली शिखरं, आणि मध्ये कमरेइतकी फुलं. लांबून रंगाचे पट्टे वगैरे दिसत नाहीत, लांबून ते हिरवंच असतं. त्यात शिरलं की एकेक दिसायला लागतं. गालिचा बघायला गेलेली माणसं पुलापासून तासाभरात "एवढंच?" म्हणत मागे फिरताना आम्ही पाहिली. वाईट वाटलं.

आई पहिल्या पन्नास पावलांत थांबली. "अगं, हा तर आपला तेरडा!" खरंच तेरडा. उंच, गुलाबी-जांभळा, पण फुलाची ती मागची वाकडी शेपटी तीच. गौरीत आपण ज्याची जुडी आणतो त्याचा हा हिमालयातला भाऊ. आई म्हणाली, महिन्याभरात शेंगा धरतील, मग बोट लावलं की फट्कन फुटतील, आपल्यासारख्याच. थोडं पुढे खडकाच्या आडोशाला फणा काढलेला सापकांदा. तोही आपल्याकडे जूनच्या पावसात जंगलात दिसतो तसाच, फक्त रंग निराळा. दीड-दोन हजार किलोमीटर येऊन तिला माहेरची माणसं भेटावीत तसं झालं. मग जिरेनियम, पोटेंटिला, पेडिक्युलॅरिस अशी ती नावं घेत गेली आणि मी वहीत उतरवत गेले.

त्या दिवशी आम्ही जोन मार्गारेट लेगच्या थडग्यापर्यंत गेलो. घाटीच्या तोंडापासून साधारण दोन किलोमीटर आत, एक साधी संगमरवरी शिळा. ही इंग्रज बाई वनस्पतींचे नमुने गोळा करायला इथे आली आणि ४ जुलै १९३९ ला कड्यावरून घसरून गेली. वय ५४. नंतर तिच्या बहिणीने येऊन ही शिळा बसवली. डोंगरांकडे डोळे लावण्याविषयीची बायबलातली ओळ तिच्यावर कोरली आहे. आई तिथे बराच वेळ बसली. शेजारचं एक पिवळं फूल वाऱ्याने शिळेवर वाकत होतं, ते तिने बाजूला केलं नाही.

निळी पॉपी त्या दिवशी दिसली नाही. तीन वाजता धुकं उतरलं, परत फिरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी आईचा गुडघा सुजला होता. कंडी केली. कंडी म्हणजे पाठीवरची वेताची टोपली, तिचा पट्टा कपाळाला. घाटीत खच्चर नेता येत नाहीत, कंडी चालते. आईला कुणाच्या पाठीवर बसायची इतकी लाज वाटत होती की ती आधी नाहीच म्हणाली. कंडीवाला नेपाळचा, विशीतला. तो म्हणाला, "माँजी, चढाई मैं, मैदान आप." चढ त्याने चढवला, घाटी सुरू झाल्यावर आई उतरली आणि चालली. आणि पॉपी त्यानेच दाखवली! आई कोणतं फूल शोधतेय हे त्याने विचारून घेतलं होतं. मोठ्या दगडांच्या राशीत, ओहोळाच्या पलीकडे हात करून म्हणाला, वो रहा.

दोन दगडांच्या फटीतून वर आलेला काटेरी दांडा आणि वर चार पाकळ्या, चुरगाळलेल्या रेशमासारख्या. निळा म्हणजे कसला निळा ते मला सांगता येणार नाही. मधले केसर पिवळे. पाकळीच्या काठावर पाण्याचा थेंब धरलेला होता. आई खाली बसली, हात लावला नाही, पाकळ्या मोजल्या. मग मला म्हणाली, "हे झाड एकदाच फुलतं. बी धरलं की मरतं." आणि पदराने चष्मा पुसला.

म्हणून माझं एकच सांगणं आहे, घाटीला दोन दिवस द्या. एक दिवस घाटी, एक दिवस हेमकुंड, तिसऱ्या दिवशी खाली, असा सगळ्यांचा बेत असतो. पहिला दिवस डोळे सरावण्यात जातो. दिसतं ते दुसऱ्या दिवशी.

फोटो उद्या टाकते.

---

गडवाट | १८ ऑगस्ट २०२४, रात्री ११:२०

सुरेख लिहिलंय. पॉपीपाशी मी थांबलो थोडा वेळ.

दोन प्रश्न. जुलैअखेर हाच योग्य काळ का? जूनमध्ये दरडी कमी असतात, तेव्हा गेलं तर? आणि तुम्ही एकूण किती दिवस धरले होते?

---

रानजाई | १९ ऑगस्ट २०२४, सकाळी ७:०५

धन्यवाद. उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर खुलं असतं. जूनमध्ये वाटेत बर्फाचे पट्टे असतात, फुलं नुकती डोकं वर काढत असतात. बर्फ आणि घाटी बघायची असेल तर जून उत्तम, फुलं बघायची तर साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. सप्टेंबरमध्ये आकाश मोकळं मिळतं, पानं तांबूस व्हायला लागतात, फुलं ओसरलेली असतात. थोडक्यात, फुलं हवी तर पाऊस घ्यावा लागतो आणि पाऊस आला की दरडी आल्या.

म्हणून आम्ही हरिद्वार ते हरिद्वार दहा दिवस धरले होते, त्यातले दोन निव्वळ राखीव. परतीचं तिकीट त्यानंतरचं. खाली उतरल्यावर एक दिवस उरला तो बद्रीनाथला दिला. गोविंदघाटापासून ते जवळच आहे.

---

शेवंतीकाकू | १९ ऑगस्ट २०२४, दुपारी १:३३

रानजाई, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. मी ६४, हे ७०. दोघांनाही रोज पाच किलोमीटर चालायची सवय आहे, पण डोंगर चढून वीस वर्षं झाली. ह्यांना थोडा रक्तदाब. मुलगा नको म्हणतोय. तुझी आई जाऊन आली हे वाचून पुन्हा आशा वाटायला लागली. खरं खरं सांग, जमेल का?

---

रानजाई | १९ ऑगस्ट २०२४, रात्री ९:१०

काकू, नमस्कार पोचवला. आई म्हणतेय की तीन महिने आधीपासून जिने चढा, नुसतं सपाटीवर चालून उपयोग नाही. ती रोज अजिंक्यताऱ्याच्या निम्म्यापर्यंत जायची. काकांच्या डॉक्टरांना उंची सांगून विचारा, घांघरिया ३०५०, घाटी त्याहून थोडी वर. हेमकुंड ४३०० च्या आसपास आहे आणि सहा किलोमीटरमध्ये बाराशे मीटरहून जास्त चढ आहे, त्याचा मोह दोघांनी टाळावा असं मला वाटतं. मी एकटी गेले होते, वर डोकं जड झालं. लंगरमधली गरम खिचडी आणि चहा मिळाल्यावर जिवात जीव आला. सरोवर धुक्यात होतं. मी काठाशी उभी असताना पाच मिनिटं उघडलं आणि पुन्हा झाकलं.

पुलना ते घांघरिया हाच सगळ्यात लांब पल्ला. सकाळी सहाला निघा, दिवसभर आहे.

---

सह्यपुत्र | २० ऑगस्ट २०२४, सकाळी १०:१५

लेख आवडला, पण एक खटकलं ते मोकळेपणाने लिहितो. माणसाच्या पाठीवर बसून फुलं बघायला जाणं मला पटत नाही. आपल्याला चालवत नसेल तर तिथे जाऊ नये. खच्चरांचंही तेच. पायातून रक्त येत असताना चढवलेली जनावरं मी केदारनाथच्या वाटेवर पाहिली आहेत.

---

रानजाई | २० ऑगस्ट २०२४, रात्री १०:०२

सह्यपुत्र, खच्चरांबद्दल तुमच्याशी सहमत आहे, आम्ही केलं नाही. सामानासाठी पिट्ठू, म्हणजे ओझं वाहणारा माणूस घेतला होता.

कंडीबद्दल आईचीही तुमच्यासारखीच घालमेल झाली. ती त्या मुलाशी दोन दिवस बोलत होती. तो म्हणाला, मोसम चार-पाच महिन्यांचा, त्यावर घरचं वर्ष निघतं. पाऊस जास्त झाला की यात्री येत नाहीत आणि तो खोलीत बसून राहतो. हे ऐकून प्रश्न सुटत नाही हे मला मान्य आहे. आम्ही इतकंच केलं की दर आधी ठरवला, घासाघीस केली नाही, वाटेत त्याला हवं तिथे थांबलो, जेवण एकत्र केलं. जी बाई चाळीस वर्षं एका फुलाची वाट बघत होती तिला मी "तू येऊ नकोस" म्हणू शकले नसते.

---

हिरवादेठ | २१ ऑगस्ट २०२४, दुपारी ४:४८

वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी आहे, म्हणून थोडी भर.

काकूंनी तेरडा ओळखला ते अगदी बरोबर. आपला तेरडा आणि तिथला, दोघेही इम्पेशन्स कुळीतले. सापकांदाही एकाच कुळीतला, ॲरिसीमा. निळी पॉपी म्हणजे मेकोनॉप्सिस ॲक्युलिएटा. ती खडकाळ जागीच वाढते, म्हणून फुलांच्या गर्दीत शोधली तर सापडत नाही. कंडीवाल्या दादांना ते ठाऊक होतं.

ब्रह्मकमळ कुणी विचारलं नाही अजून. आपल्याकडे गच्चीत कुंडीत जे रात्री फुलतं, ज्याची पूजा करून फोटो पाठवतात, ते मूळचं मेक्सिकोकडचं निवडुंग आहे. खरं ब्रह्मकमळ म्हणजे सॉस्युरिया ऑब्व्हॅलाटा, उत्तराखंडचं राज्यफूल. ते घाटीपेक्षा उंचावर, हेमकुंडच्या वरच्या टप्प्यात दगडांमध्ये दिसतं. फिकट पिवळसर, कागदासारखी पानं मिटून आतल्या फुलांना थंडीपासून जपतात. रानजाई, तुला दिसलं असेल ना?

आणि एक काळजीची गोष्ट. १९८२ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं, त्यापाठोपाठ मेंढपाळांची चराई बंद झाली. त्यानंतर पॉलिगोनम नावाची उंच वनस्पती माजली आणि खालच्या नाजूक फुलांना झाकू लागली. चराई बंद केल्यामुळेच हे झालं असं काही अभ्यासक मानतात, काहींना ते पटत नाही. वनखातं माणसं लावून ती उपटतं. घाटीत कमरेएवढ्या पांढऱ्या फुलांचा दाट पट्टा दिसला तर तो कौतुकाने बघताना हेही मनात असू द्यावं.

---

रानजाई | २१ ऑगस्ट २०२४, रात्री ८:३०

किती छान माहिती! हो, ब्रह्मकमळं दिसली, शेवटच्या पायऱ्यांच्या आसपास उतारावर. त्यांना वासही आहे, उग्र. पॉलिगोनमचा पट्टा आईने ओळखला होता आणि गप्प झाली होती, आता कळलं का.

---

जुनीपायवाट | २३ ऑगस्ट २०२४, सकाळी ६:५५

मी १९९६ ला गेलो होतो. तेव्हा पुलनापर्यंत जीप नव्हती, गोविंदघाटापासूनच चालायचं, चौदा किलोमीटर. वाटेत भ्यूंडार गावात एका घरी ताक प्यायलो होतो, अजून चव आठवते. जून २०१३ च्या पुरात त्या गावाची मोठी हानी झाली, वाटही कित्येक ठिकाणी वाहून गेली. २०१८ ला पुन्हा गेलो तेव्हा माझ्या ओळखीची वाट नदीच्या पात्रात दगडगोट्यांखाली होती आणि ते घर मला सापडलं नाही.

एक सांगावंसं वाटतं. सगळीकडे लिहिलेलं असतं की ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथने १९३१ मध्ये ही घाटी शोधली. कामेट शिखर उतरून परतताना ते लोक वाट वाकडी करून खिंडीतून इकडे आले, आणि १९३७ मध्ये स्माइथ फुलांसाठी परत आला, हे खरं. त्याच्यामुळे जगाला कळली हेही खरं. पण भ्यूंडारचे लोक त्याआधी पिढ्यान्पिढ्या इथे मेंढ्या घेऊन येत होते. घाटी पऱ्यांची आहे असं ते मानत. हरवली नव्हती, म्हणून सापडण्याचा प्रश्न नव्हता. २००५ ला युनेस्कोच्या यादीत नाव आलं, चांगलंच झालं. पण ज्यांच्या पायांनी ती वाट घडवली त्यांचं नाव कुठल्याच फलकावर मला दिसलं नाही.

---

हिरवादेठ | २३ ऑगस्ट २०२४, सकाळी ११:४०

जुनीपायवाट, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

---

मीनल_डोंबिवली | २६ ऑगस्ट २०२४, रात्री ९:१८

राखीव दिवसांबद्दल शंभर टक्के अनुमोदन. आम्ही गेल्या वर्षी एका सहल कंपनीतर्फे गेलो होतो, नाव घेत नाही. दिल्ली ते दिल्ली सहा दिवस. जाताना सिरोबगडला रस्ता बंद, एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी रात्री अकराला गोविंदघाट. तिसऱ्या दिवशी पावसात घांघरिया. चौथ्या दिवशी पावसामुळे घाटीत सोडत नव्हते, आणि पाचव्या दिवशी आम्हाला खाली उतरवलं, कारण पुढची तुकडी येत होती. घाटीचं फाटक पाहून परत आलो. माझ्यासोबतच्या एक बाई फाटकापाशी रडल्या. पैसे परत मिळाले नाहीत. त्याहून वाईट म्हणजे, हे असं होऊ शकतं असं कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

पैसे भरायच्या आधी विचारा, रस्ता बंद झाला तर काय करणार? उत्तर लेखी घ्या.

---

गडवाट | २७ ऑगस्ट २०२४, सकाळी ८:०१

मीनल, वाचून वाईट वाटलं. जोशीमठला मुक्काम करायचा का, यावरही कुणी लिहा. जानेवारी २०२३ मध्ये तिथे घरांना तडे गेले होते ना?

---

जुनीपायवाट | २७ ऑगस्ट २०२४, दुपारी १२:२६

हो, शेकडो घरांना. कित्येक कुटुंबांना घर सोडावं लागलं. तिथे थांबू नका असं मी म्हणणार नाही, तिथल्या लोकांचं पोट यात्रेवर आहे. एखादं छोटं, जुनं, दोन मजली घर बघून राहा. आणि चहा पिताना त्यांचं ऐकून घ्या, बोलायला कुणीतरी हवं असतं त्यांना.

---

शेवंतीकाकू | ९ ऑगस्ट २०२५, सायंकाळी ६:१४

धागा वर काढतेय. आम्ही जाऊन आलो!

जानेवारीपासून जिने चढलो. ह्यांच्या डॉक्टरांनी हेमकुंडला साफ नाही म्हटलं, घाटीला हो म्हटलं, हळू जायच्या अटीवर. मुलाने तीन राखीव दिवस धरायला लावले. जाताना पिपळकोटीला दीड दिवस रस्ता बंद होता, त्यातच एक गेला. खिडकीतून पाऊस बघत आम्ही दोघं पत्ते खेळलो. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल.

पुलना ते घांघरिया मला आठ तास लागले, ह्यांना नऊ. दोन ठिकाणी मी पुढे जाऊन बसले आणि वाट बघितली. घाटीला दोन दिवस दिले, रानजाई, तू सांगितलंस तसे. पहिल्या दिवशी पुलानंतरच्या चढावर ह्यांनी तिथेच बसायचं ठरवलं, मी एकटी वर गेले, तासाभरात परतले. दुसऱ्या दिवशी ह्यांच्यासाठी कंडी केली. सह्यपुत्र यांचं लिहिणं डोक्यात होतं, त्यामुळे आम्हीही चढ त्याचा, सपाटी यांची, असाच करार केला.

पॉपी आम्हाला दिसली नाही. दगडांच्या राशीत पुष्कळ शोधली. एका ठिकाणी तो काटेरी दांडा सापडला, वर फूल नव्हतं, बी धरलेलं बोंड होतं. रानजाईच्या आईचं वाक्य आठवलं आणि मी ह्यांना हाक मारली. ते काठी टेकत आले, वाकून बराच वेळ बघितलं. म्हणाले, म्हणजे पुढच्या वेळची सोय झाली की.

---

रानजाई | ९ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४५

काकू, आईला फोनवर वाचून दाखवलं. ती विचारतेय, बोंड हिरवं होतं की तपकिरी?

---

शेवंतीकाकू | १० ऑगस्ट २०२५, सकाळी ६:३०

हिरवं. टोकाशी जरा पिवळं पडायला लागलं होतं.